पाण्याने चिवट होणारे पोलाद

नागपूर स्थानकाजवळच्या डायमंड क्रॉसिंगवर दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे मार्ग एकमेकांना छेदतात. रूळ रुळाला छेदतो तिथे चाकाची कड जाण्यासाठी फट ठेवावी लागते आणि ती ओलांडताना प्रत्येक चाक पोलादावर आदळते. अशा जागी मार सोसायला भारतीय रेल्वे मँगनीज पोलादाची ओतीव क्रॉसिंग सर्रास वापरते. मँगनीज तर आपल्या दाराशीच आहे. मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी नागपूर जिल्ह्यातल्या. त्या चालवणाऱ्या ‘मॉइल’ कंपनीचे मुख्यालयही इथलेच.

शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये हे पोलाद घडवले. त्यात सुमारे १२ ते १३ टक्के मँगनीज आणि एक टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो. साच्यात सावकाश निवलेले हे पोलाद घणाच्या घावाने फुटते, कारण निवताना कार्बनची कठीण संयुगे, म्हणजे कार्बाइडे, स्फटिककणांच्या सीमांवर साचतात आणि तडा नेमका त्या सीमा धरून धावतो. तेच ओतकाम १००० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की कार्बाइडे विरघळतात. मग ते लगेच पाण्यात बुडवायचे; कार्बनला वेगळे व्हायला सवडच मिळत नाही. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा पाते कडक होते, प्रसंगी ठिसूळही. इथे पाणी दिल्यावर पोलाद चिवट होते! धातुशास्त्रात मला याहून विलक्षण काही वाटत नाही.

या अवस्थेत ते तसे मऊच असते, कठीणपणाच्या ब्रिनेल मापावर साधारण २००. चाके आदळू लागली की पृष्ठभागाखालची स्फटिकरचना मुडपते, तिच्यात जुळे स्फटिक तयार होतात आणि कठीणपणा दुपटीच्या पुढे जातो. गाभा मात्र चिवटच राहतो. पण कडक होईपर्यंतच्या सुरुवातीच्या काळात क्रॉसिंग दबते, झिजते. म्हणून काही देशांत त्यावर स्फोटकाचा पातळ थर पसरून स्फोट घडवतात. धक्कालहरीने ते रुळावर बसण्याआधीच कडक होते. खाणी, स्फोटकांचे कारखाने आणि व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतला धातुशास्त्र विभाग एकाच शहराभोवती असताना या तंत्राचा ध्यास नागपूरने घ्यायला हवा.

पाणी देण्यात चूकही होऊ शकते. जाड ओतकामाच्या गाभ्यापर्यंत गारवा वेळेत पोहोचला नाही, तर कार्बाइडे आतच उरतात. झिजलेले क्रॉसिंग वेल्डिंगने भरताना भाग फार तापला, तरी ती पुन्हा साचतात. म्हणून वेल्डर थोडे थोडे भरतो आणि मधे धातू निवू देतो.