आई जेवत नाही, आई वाढते

रात्रीचे सव्वाआठ. ताटात पोळी, वरण-भात आणि ढेमशाची भाजी. ताटापुढे आमची सहा वर्षांची धाकटी, मनू. गालात एक घास, आणि तो घास गेली दहा मिनिटे तसाच गालात! मी शेजारी उकिडवी बसून आधी लाडाने, मग लालूच दाखवून, मग डोळे वटारून म्हणतेय, "गिळ बघू तो!" पलीकडे थोरला मोबाइलमध्ये डोके घालून जेवतोय. हे म्हणतात, "अगं, नसेल तिला भूक." सासूबाई म्हणतात, "लाडानं बिघडली पोर." शेवटी माझा हात उठला. पोरीला उमासा आला आणि सगळा घास ताटात. त्या रात्री ती उपाशीच झोपली. मी पातेल्यात उरलेला भात ओट्याशी उभ्या-उभ्या पोटात ढकलला आणि रडत झोपले.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी असे कधी झाले नसेल तर तुम्ही भाग्यवान. झाले असेल तर पुढचे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. मी काही आहारतज्ज्ञ नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून यवतमाळजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत अर्धवेळ शिकवणारी साधी बाई आहे. पण गेल्या दोन वर्षांत मुलांच्या जेवणाबद्दल मी जे शिकले, ते कुणी आधी सांगितले असते तर ती चापट तरी वाचली असती.

शाळेतली पंगत

माझ्या शाळेत दुपारी व्हरांड्यात पंगत बसते. शालेय पोषण आहाराची योजना १९९५ साली सुरू झाली. सुरुवातीला मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला, आणि मग शाळाशाळांतून चुली पेटल्या. २०२१ साली योजनेचे नाव बदलले, पण मुलांच्या तोंडी ती अजून 'खिचडी'च आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असा तिचा हिशेब.

या पंगतीत मी मनूच्या वयाची मुले जेवताना बघते. पहिलीतला एक मुलगा सुरुवातीला मटकीचा दाणा न् दाणा वेचून ताटाच्या कडेला लावायचा. त्याला कुणी काही म्हणाले नाही. शेजारची मुलगी मात्र आधी मटकीच खायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघते तो याचे ताट स्वच्छ! वर मावशींना म्हणतो कसा, "मले अजून पाह्यजे."

यातल्या कितीतरी मुलांच्या आया सकाळीच निंदायला, नाहीतर कापूस वेचायला गेलेल्या असतात. लेकरू घरून चहा-बिस्किटावर निघालेले असते. भूक ही मोठी सुगरण, हे खरेच. पण त्या भुकेचे कौतुक मला करायचे नाही. मला दिसले ते वेगळे. तिथे जेवणाची वेळ ठरलेली आहे. सगळ्यांना एकच जेवण आहे. सगळे एका ओळीत बसतात. आणि कुणीही कुणाचे घास मोजत नाही. माझ्या घरी यातले एकही नव्हते.

दवाखान्यातला प्रश्न

पावसाळ्याच्या सुरुवातीला मनू पाटीवरची पेन्सिल खाताना सापडली. दोनदा रागावले, तिसऱ्यांदा दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या, नखे पाहिली. मग माझीही पाहिली. दोघींचे रक्त तपासले. मनूचे हिमोग्लोबिन निघाले ९.४ आणि माझे ८.८! तिच्या वयाला ते साडेअकराच्या वर हवे आणि आपल्याला १२ च्या वर.

मी मनूच्या तक्रारी सांगू लागले. ही पालक खात नाही, ही चवळी थुंकते... बाईंनी मध्येच विचारले, "आणि तुम्ही काय जेवता? कधी जेवता?"

मी म्हटले, "सगळ्यांचं झालं की बसते."

तेवढ्यात मनू म्हणाली, "आई जेवत नाही. आई वाढते."

बाई हसल्या. मला मात्र हसू आले नाही. पोरीने सहा वर्षांत जे पाहिले तेच सांगितले होते. ती भाजी मी खाल्लेली तिला कधी दिसलीच नव्हती. बाप निम्मी भाजी ताटात ठेवून उठतो, भाऊ मोबाइल बघत गिळतो, आणि 'खा, खा' म्हणणारी आई स्वतः एक घास तोंडात घालत नाही. मग पोरीने खाणे शिकावे कुणाकडून?

हे काही माझ्या एकटीच्या घरचे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांत रक्त कमी आढळले. मायलेकींचे ताट एकच असते, हे त्या आकड्यांतही दिसते.

भूक कमी होते ती का?

पहिल्या वर्षात बाळाचे वजन तिप्पट होते. जन्मताना तीन किलोचे बाळ वर्षाचे होईतो नऊ किलोच्या आसपास जाते. त्यानंतर मात्र ते वर्षाला दोन-अडीच किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आपल्याला वाटते, 'कालपर्यंत छान खायचा, आज काय झाले?' काहीच झालेले नसते. त्यात दोन ते सहा या वयात नवे ते नको म्हणण्याचा स्वभावच असतो. तो हट्ट नव्हे, सावधपणा असतो.

अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाई होऊन गेल्या. त्यांनी नुकतीच दुधाबाहेरचे खाऊ लागलेली १५ बाळे घेतली आणि ३४ साध्या पदार्थांतून त्यांचे त्यांना निवडू दिले. कुणी भरवायचे नाही, आग्रह करायचा नाही. बाळे एक दिवस एकच पदार्थ भरमसाट खात, दुसऱ्या दिवशी त्याला शिवतही नसत. तरी सगळी छान वाढली. पण १९३९ साली हा अनुभव मांडताना बाईंनी बजावून सांगितले की, खरी युक्ती होती पदार्थांच्या यादीत. त्या ३४ पदार्थांत दूध, फळे, भाज्या, धान्य, अंडी, मांस असे सकसच सारे होते. मिठाईचा पर्यायच नव्हता. म्हणजे काय ठेवायचे हे मोठ्यांनी ठरवायचे, आणि त्यातले किती खायचे हे लेकराने. आपण नेमके उलटे करतो. काय हवे ते त्याला विचारतो आणि किती खायचे ते आपण ठरवतो!

आम्ही काय बदलले

आपले ताट आधी मांडा. सगळ्यात अवघड हेच. आमच्याकडे तव्यावरची गरम पोळी ताटात पडायची पद्धत, आणि त्या पोळीपायीच बाई ओट्याशी अडकते. मी पोळ्या आधी करून डब्यात झाकून ठेवू लागले. यांनी आठ दिवस कुरकुर केली. मी सांगितले, "गरम पोळी आणि शेजारी बसलेली बायको, यांतले एकच मिळेल." सासूबाई तर म्हणाल्या, "बाया आधी बसत्यात का कुठं?" पण दोन दिवसांनी त्याच सांगू लागल्या. दिग्रसकडच्या खेड्यात, चौदा माणसांच्या घरात, बायकांच्या वाट्याला यायचा तो नुसता रस्सा; फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात गेलेल्या असायच्या. सांगता सांगता त्यांनी स्वतःच माझे ताट पुढे ओढले.

जेवणाआधीचे दोन तास पोट मोकळे राहू द्या. सहा वाजता चहा-बिस्किटे, सात वाजता पाच रुपयांचे कुरकुरीत पुडके, आणि आठ वाजता 'भूक नाही' म्हणून ओरडा, हा कुठला न्याय? दिवसाला दोन-तीन कप दूधही पुरे. नुसत्या दुधाने पोट भरते, पण त्यात लोह नावालाच असते. चहा जेवणासोबत नको, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. उलट वरणावर, पालेभाजीवर लिंबू पिळले तर ते चांगले लागते.

नवी भाजी एक चमचाच वाढा, आणि तीही आवडीच्या पदार्थाशेजारी. मूल हात लावणार नाही, वास घेईल, चाटून ठेवून देईल. चालू द्या. एखादी चव अंगवळणी पडायला दहा-पंधरा वेळा ती ताटात यावी लागते. आपण तीनदा करून बघतो आणि म्हणतो, 'आमच्या बाळाला नाहीच आवडत.'

लाच देऊ नका. 'भाजी संपव, मग चॉकलेट' म्हटले की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढेच लेकराच्या डोक्यात राहते.

वेगळा स्वयंपाक करू नका. मनूसाठी रोज झटपट शेवया शिजवणे मी बंद केले. मात्र ताटात तिला चालेल असा एक तरी पदार्थ ठेवते. दही, भात, जवसाची चटणी, काहीही. उपाशी कुणी उठत नाही आणि लाडाचे वेगळे ताटही नाही.

हात लागू द्या. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायला मनूला बसवले. निम्मे सोले तिने कच्चेच खाल्ले. वांग्यातले सोले मग आपोआप 'माझे' झाले. अंबाडी निवडणे, सांबार तोडणे, काकडी पुसणे, एवढे सहा वर्षांच्या मुलीला नक्की जमते. मुलग्यालाही जमते बरे!

मोबाइल ताटापाशी नको. मुलांचा नको आणि मोठ्यांचाही नको. हा नियम आमच्या घरी सर्वांत जास्त वेळा मोडला तो यांनी, हे इथे नमूद करते!

मुलांनी वळलेला गोळाभात

आपल्या वऱ्हाडातला हा पदार्थ न खाणाऱ्या पोरांसाठी फार सोयीचा. हरभऱ्याच्या डाळीचा एक वाटी भरडा घ्या. त्यात मीठ, हळद, तिखट, हिंग, दोन चमचे गरम तेल आणि मूठभर बारीक चिरलेली मेथी किंवा पालक घाला. थोड्या पाण्यात घट्टसर भिजवून लिंबाएवढे गोळे वळा. हे वळण्याचे काम मुलांचे. दोन वाट्या तांदूळ नेहमीपेक्षा थोडे जास्त पाणी घालून शिजत टाका. पाणी आटत आले की गोळे भातात खोचा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे चांगली वाफ येऊ द्या. वाढताना गोळा फोडून भातात कालवायचा, वर मोहरी-हिंगाची तेलाची फोडणी आणि लिंबू. स्वतः वळलेला गोळा कुठला हे प्रत्येक मूल ओळखते, आणि तोच मागते.

काळजी कधी करायची?

वजन वाढतच नसेल किंवा घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, वारंवार उलटी होत असेल, मूल फिकट आणि मलूल दिसत असेल, तर युक्त्या करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. माती, खडू, पेन्सिल खाणे ही खोड म्हणून मारू नका; लोह कमी पडल्याची ती खूण असू शकते. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत १० फेब्रुवारीच्या सुमारास जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका.

मनूला आणि मला डॉक्टरीणबाईंनी औषध दिले. तीन महिन्यांनी तिचे रक्त ११.२ आणि माझे १०.९ झाले. सगळे श्रेय माझ्या युक्त्यांना नाही, औषधालाही आहे. ढेमसे ती अजूनही खात नाही, आणि आता मी ते मनावर घेत नाही. पालक खाते, चवळी खाते, कढीतले गोळे तर माझ्या ताटातून पळवते.

आमच्याकडे ताटे मांडायचे काम तिचे आहे. घरात आम्ही पाच माणसे, पण पूर्वी ती नेहमी चारच ताटे मांडायची. मला वाटे, पोर मोजायला चुकते. ती चुकत नव्हती. परवा तिने न सांगता पाच मांडली आणि हाक मारली, "आई, चल. तुझं ताट गार होतंय."