शाळेचा टेलिफोन आणि इंटरनेट

वर्गांत एखाद्या मुलास ताप भरला, पुरामुळें गांवचा पूल पाण्याखालीं गेला, अथवा परीक्षेचा दिवस बदलला, कीं शाळा व पालक यांस एकमेकांशीं तत्काळ बोलावें लागतें. अशा वेळीं कचेरींतील टेलिफोन हा शाळेचा कान आणि जीभ दोन्ही होय. हा टेलिफोन तांब्याच्या जुन्या तारेवरून काढून इंटरनेटवर नेण्याचा प्रघात अलीकडे अनेक शाळांतून पडत आहे. या बदलाचें स्वरूप काय, त्यापासून लाभ कोणते व धोके कोणते, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील माणसांस समजावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुनी पद्धत पाहूं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनचें पेटंट १८७६ सालीं मिळालें, आणि पुढें सहाच वर्षांनीं, १८८२ सालीं, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालें. एक्स्चेंजचें काम म्हणजे बोलणाऱ्याची तार ऐकणाऱ्याच्या तारेस जोडून देणें. संभाषण संपेपर्यंत ती वाट त्या दोघांचीच. मध्यें दोघेही गप्प बसले तरी ती तिसऱ्यास मिळावयाची नाहीं. एका बैलगाडीसाठीं सबंध रस्ता अडवून ठेवावा, त्यांतलाच हा प्रकार होता.

इंटरनेटची रीत याहून निराळी असून ती टपालाच्या रीतीशीं जुळते. समजा, आपणांस एक मोठा ग्रंथ दूर धाडावयाचा आहे. त्याचें पान पान सुटें करून, प्रत्येकावर अनुक्रमांक व पत्ता घालून, निरनिराळ्या पाकिटांतून तें रवाना केलें, तर पाकिटें कोणत्याही वाटेनें जावोत, घेणारा अनुक्रमांक पाहून ग्रंथ पुन्हां जुळवितो. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन व इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें मांडली. अशा तुकड्यास ‘पॅकेट’ हें नांव डेव्हिस यांनीं दिलें. हिंदुस्थानांत सामान्य लोकांस इंटरनेट १९९५ सालीं मिळालें, व त्यावरून टेलिफोन करण्यास १ एप्रिल २००२ पासून परवानगी झाली.

परंतु आवाजाचें पाकीट करावयाचें कसें? येथें थोडें गणित आहे; मुलांनीं तें स्वतः करून पाहावें. नेहमींच्या एका पद्धतींत यंत्र आवाजाच्या लाटेची उंची सेकंदास ८,००० वेळां मोजतें, व प्रत्येक माप ८ बिटांत लिहितें. म्हणजे सेकंदास ६४,००० बिट झाले. सेकंदाचे पन्नास भाग करून प्रत्येक भागाचें एक पाकीट बांधतात. त्यांत आवाजाचे १६० बाइट असतात, व पत्ता-अनुक्रमांकाचे सुमारें ४० बाइट वर चढतात. एकंदर हिशेब सेकंदास ८०,००० बिटांचा होतो. दहा माणसें एकाच वेळीं बोलूं लागलीं तरी एका दिशेस आठ लक्षच बिट लागतात. शाळेच्या आजच्या इंटरनेटपुढें हा भार अल्प होय.

यापासून लाभ उघड आहेत. पूर्वीं प्रत्येक खोलींत फोन न्यावयाचा तर संगणकाची तार वेगळी व टेलिफोनची वेगळी ओढावी लागे. आतां एकच तार दोन्ही कामें करते. निकालाच्या दिवशीं शाळेचा एकुलता फोन सदा गुंतलेला असे. आतां एकाच क्रमांकावर अनेक पालकांस एका वेळीं बोलतां येतें. कचेरी दुसऱ्या इमारतींत हलली, तर यंत्र उचलून तेथें लावलें कीं झालें.

आतां धोके पाहूं. पालकांनीं विशेष लक्ष द्यावें तें येथेंच. जुन्या टेलिफोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेनें येत असे. म्हणून सारा गांव अंधारांत बुडाला तरी फोन चाले. नव्या यंत्रास व त्यामागील राउटरास शाळेंतीलच वीज लागते. वादळांत ती गेली, कीं मदतीची जेव्हां खरी गरज, तेव्हांच फोन मुका होतो. यावर उपाय आहे. यंत्रास त्याच्या जाळ्याच्या तारेंतूनच वीज पुरविण्याची सोय २००३ सालापासून ठरलेली आहे. मुख्य ठिकाणीं एक चांगली बॅटरी ठेवली, कीं सर्व फोन कांहीं तास चालतात. तरीही बाहेरचें इंटरनेट तुटण्याचा संभव असतोच. म्हणून एक मोबाइल कचेरींत सदैव तयार असावा.

दुसरा धोका विलंबाचा. एका बाजूचा आवाज दुसरीकडे सेकंदाच्या सुमारें सातव्या हिश्शाच्या आंत पोंचला पाहिजे. त्याहून उशीर वाढला तर माणसें एकमेकांचें बोलणें तोडूं लागतात. पत्र हरवलें तर दुसरें मागवितां येतें. पण हरवलेलें आवाजाचें पाकीट मागाहून येऊन उपयोग काय? यास्तव संगणकवर्गांत चित्रपट चालू असतां, आवाजाच्या पाकिटांस आधीं वाट द्यावी, अशी व्यवस्था यंत्रांत करून ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. २०१३ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत एका मोटेलच्या खोलींत करी हंट या स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीनें शिकविल्याप्रमाणें मदतीचा ९११ हा क्रमांक पुनःपुन्हां दाबला. परंतु तेथें बाहेर फोन करण्यास आरंभीं आणखी एक ९ दाबावा लागे, तें तिला कोणी सांगितलें नव्हतें. फोन लागला नाहीं, व आई वांचली नाहीं. मुलीच्या आजोबांनीं हा प्रश्न नेटानें धरला, आणि २०१८ सालीं ‘करीचा कायदा’ झाला. त्यान्वयें, १६ फेब्रुवारी २०२० नंतर तेथें बसविलेल्या अशा प्रत्येक टेलिफोन-व्यवस्थेंत ९११ हा क्रमांक सरळ लागलाच पाहिजे.

यांत दोष तारेचा नव्हता, इंटरनेटचाही नव्हता. व्यवस्था लावणाऱ्यानें घाबरलेल्या लेंकराचा विचार केला नव्हता, हा दोष होता. आपल्याकडे पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांसाठीं ११२ आणि संकटांतील बालकांसाठीं १०९८ हे क्रमांक आहेत. ज्या शाळेंत नवा फोन बसेल, तेथें हे क्रमांक प्रत्येक यंत्रावरून सरळ लागतात काय, हें कामाच्या पहिल्याच आठवड्यांत संबंधितांस आधीं कळवून पाहून घ्यावें. शिवाय इंटरनेटचा फोन कोठेंही नेतां येत असल्यामुळें तो कोठून आला हें पलीकडे कळेलच असें नाहीं; म्हणून शाळेचा पूर्ण पत्ता व खोलीचा क्रमांक प्रत्येक यंत्राजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावावा.

विद्यार्थ्यांनो, तो पत्ता न अडखळतां सांगतां येणें हें तुमचें काम. पालकहो, नव्या यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारा: वीज गेली असतां, आणि कचेरींत कोणी नसतां, एकट्या मुलास या फोनवरून मदत मागतां येईल काय? या प्रश्नास ‘होय’ असें उत्तर मिळालें, तरच तो बदल सुधारणा या नांवास पात्र होय.