समुद्रातला कुलाबा, गावातला हिराकोट

अलिबागला आलेला पाहुणा कुलाबा किल्ला पाहिल्याशिवाय परतत नाही. हिराकोटाकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. त्याला कारणही तसंच आहे: हिराकोटात आज जिल्हा कारागृह आहे. पण आंग्र्यांचा इतिहास कळायला ही दोन्ही ठिकाणं एकत्र पाहावी लागतात.

कुलाब्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी मार्च 1680 मध्ये सुरू केलं. पंधरवड्यातच, 3 एप्रिलला, रायगडावर त्यांचं निधन झालं आणि काम संभाजीराजांनी पुरं केलं. किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवरच्या खडकावर हा किल्ला आहे. ओहोटीला तिथे चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडी लागते. वेळ काढायचा कोकणी हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी चढलेलं असतं आणि दुपारी बाराच्या आसपास वाट मोकळी होते. मुख्य दरवाजा गावाच्या दिशेला आहे आणि तटाला सतरा बुरूज आहेत. चिरे प्रचंड आहेत आणि ते चुना न घालता एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं, तिथेच त्याचा जोर मोडतो. सांधे चुन्याने बुजवले असते तर प्रत्येक लाटेचा धक्का भिंतीला सोसावा लागला असता. आत गोड्या पाण्याची सोय आहे. 1759 साली रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं पंचायतन आजही पूजेत आहे. तटावरच्या चाकांच्या दोन तोफांपाशी फोटोंसाठी झुंबड असते. त्या इंग्लंडातल्या लो मूरच्या कारखान्यात ओतलेल्या आहेत, हे फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

या किल्ल्याला जबर शत्रू भेटला तो 1721 च्या अखेरीस. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून काही हजारांची फौज घेऊन चालून आले. कमोडोर मॅथ्यूज खुद्द हजर होता. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे तेव्हा किल्ला राखून होते. त्यांच्या मदतीला पेशव्यांची फौज आली, हल्ला फसला आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून बाजीरावांशी परस्पर तह उरकला. बाहेरच्यांना हा किल्ला घेता आला नाही तो नाहीच.

घरच्यांचं वेगळं होतं. 4 जुलै 1729 रोजी कान्होजी गेले आणि काही वर्षांतच मुलं एकमेकांच्या जिवावर उठली. मानाजीने पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा काबीज केला, सावत्र भाऊ येसाजीचे डोळे काढले आणि त्याला कैदेत टाकलं. 1735 मध्ये बाजीरावांनी मध्ये पडून वाटणी केली: मानाजीला कुलाबा, त्याचा भाऊ संभाजी याला सुवर्णदुर्ग. माझ्या मते मराठी आरमाराचा कणा मोडला तो इथेच. 1756 साली त्यांचा भाऊ तुळाजीचा विजयदुर्ग पडला, त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूने उभे होते. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस घरातली भांडणं आणखी चिघळली. जयसिंग आंग्रे कैदेत पडले, तेव्हा त्यांची पत्नी सकवारबाई खांदेरीचा किल्ला धरून बसली होती. किल्ला सोडलास तर नवऱ्याला सोडतो, असं वचन बाबूराव आंग्र्यांनी तिला दिलं. शिंद्यांचा जोर त्यांच्या पाठीशी होता. खांदेरी ताब्यात आली आणि वचन मोडलं. जयसिंगांना ठार केलं गेलं, सकवारबाईला कैद झाली. ज्या खांदेरीवर 1679 मध्ये मायनाक भंडारी आणि दौलतखान इंग्रजांपुढे हटले नव्हते, ती अशी एका वचनावर गेली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे, कुलाबा नाही. अलिबागकरांना ते थोडं लागतं, आणि लागणं साहजिक आहे.

हिराकोट कान्होजींनी 1720 साली बांधला. काळ्या दगडाचा छोटासा कोट, शेजारी तलाव. तिथे आंग्र्यांचा खजिना असे. 1840 मध्ये वारस उरला नाही म्हणून कंपनी सरकारने कुलाबा संस्थान खालसा केलं. गव्हर्नर जनरल डलहौसी हिंदुस्थानात आला तो त्यानंतर आठ वर्षांनी, त्यामुळे वारसाच्या नावाखाली संस्थानं गिळण्याचं सगळं पाप एकट्या त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. समुद्रातल्या किल्ल्याचा नव्या सरकारला काही उपयोग नव्हता. तिथल्या वाड्यांचं लाकूड लिलावात गेलं. हिराकोट मात्र कामाचा होता. जाड भिंती, एकच दरवाजा आणि हाकेच्या अंतरावर कचेरी. खजिन्याला लागणारं सगळं कैद्यांनाही लागतंच, तेव्हा तुरुंगासाठी वेगळी इमारत बांधायची गरज पडली नाही.

तुरुंग असल्यामुळेच हिराकोटाचे चिरे शाबूत राहिले असावेत. वापरात नसलेल्या कोटांचे दगड आसपासच्या घरांच्या जोत्यांत जातात, हे कोकणात नवं नाही. आत जाऊन तो पाहता येत नाही. तट बाहेरून दिसतो, तलावाच्या बाजूने जास्त चांगला.