शेजाऱ्याची मेर आणि राज्याची सीमा



शेजाऱ्याची मेर कोरणारा माणूस बहुतेक गावांत असतो. यंदा चार बोटे, पुढच्या पावसाळ्यात आणखी चार. गाव त्याला नावे ठेवते. मग हेच काम राज्याने फौज पाठवून केले, तर त्याला पराक्रम का म्हणावे?

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग दिसतो. समुद्रावरच्या शत्रूंना पायबंद घालण्यासाठी शिवाजी महाराजांनी १६६४ साली तो कुरटे बेटावर बांधायला घेतला. आपल्या घराला गडगा घालणे निराळे आणि दुसऱ्याच्या परड्यात शिरणे निराळे. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी पत्राने बजावले होते, की दाणा, वैरण, भाजी पैसे देऊन घ्या. रयतेला त्रास झाला तर याहून मोगल बरे, असे ती म्हणेल.

हा नियम परक्या रयतेला लागू नाही काय? १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकर चौथाई मागत बंगालवर चालून गेले. १७५१ पर्यंत स्वाऱ्या होत राहिल्या. गावे जळाली, विणकर परागंदा झाले. कलकत्त्यात भीतीने खणलेल्या खंदकाला मराठा खंदक असेच नाव पडले. नवाब अलीवर्दीखान काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. १७४४ मध्ये बोलणीला बोलावून त्याने भास्कररामांचा दगाबाजीने खून करविला. पण जळालेले भात नवाबाचे नव्हते, ते कष्टकऱ्याचे होते. १७५१ च्या तहात ओरिसाचा वसूल आणि सालीना १२ लाख रुपये चौथाई ठरली. तो पैसाही शेवटी रयतेच्या खळ्यातूनच आला. बंगाली अंगाईत मुलांना ज्यांची भीती घालतात ते ‘बर्गी’ म्हणजे आपलेच बारगीर.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. तिकडची शेते तुडवली गेली आणि इकडे आपल्या घरात सूर्यफुलाचे तेल महागले. लढाई लांबची असली तरी तिची झळ चुलीपर्यंत येते.

चढाई करणारा कारण सांगतोच: जुना हक्क, थकलेली बाकी, शेजाऱ्याचा अन्याय. मेर कोरणाराही तेच सांगतो. अशा वेळी गावचे पंच दोन्ही कुणग्यांना एकच दोरी लावतात. आपल्या मुलांना लढायांच्या गोष्टी सांगताना तीच दोरी हातात ठेवा. परक्याने केले ते पाप आणि आपल्यांनी केले तो पराक्रम, अशी दोन मापे शेतात चालत नाहीत, तशी राज्यातही चालू देऊ नयेत.