शुभंकरांची बाजू

दर वर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. पोस्टर लागतात, व्याख्यानं होतात, हेल्पलाइनचे नंबर वाटले जातात. ज्या घरात भाऊ रात्रभर जागून कुणाशी तरी बोलत राहतो, त्या घरातल्या बहिणीला काय होतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. त्यासाठी अजूनही सिनेमाकडे नाहीतर कादंबरीकडे जावं लागतं.

पुण्यातल्या स्वमदत गटांत आजारी माणसाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट अशा शुभंकरांच्या जगातूनच आला. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवत. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. तो अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. याच संस्थेच्या सहभागातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’ केला.

त्यातल्या स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषच्या भूमिकेसाठी अतुल कुलकर्णीचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण आज हा चित्रपट पुन्हा पाहताना नजर सोनाली कुलकर्णीच्या सीनावर, शेषच्या बहिणीवर ठरते. तिला भाऊ हवा आहे आणि स्वतःचा संसारही मोडू द्यायचा नाही. दवाखान्याच्या केसपेपरवर भावाची लक्षणं लिहिली जातात. बहिणीला वाटणाऱ्या अपराधीपणासाठी तिथे रकाना नसतो. सिनेमात तो आहे. आणि देवराई म्हणजे तरी काय? जिथे कुऱ्हाड चालवायची नाही असं गावानं ठरवलेलं रान. ते आपल्या मनाला येईल तसं वाढतं, आणि गाव त्याला राखतं.

या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण विभागात. जंगल त्यात आहेच, तरी शेष आणि सीना असे मागे पडले याची खंत वाटते.

कादंबरीचं म्हणाल, तर जेरी पिंटोंची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) ही इंग्रजी कादंबरी शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ म्हणून मराठीत आणली. माहीमचं लहानसं घर, मूळचं गोव्याचं कुटुंब, कधी उधाणलेली तर कधी मरण मागणारी आई. पिंटोंच्या स्वतःच्या आईचं आजारपण त्यामागे आहे, आणि ते कागदावर उतरायला वीसहून अधिक वर्षं गेली. सांगणारा मुलगा आईच्या बेधडक बोलण्यावर हसतो, तिच्यावर चिडतो, आणि हे आपल्यालाही होईल का, या भीतीनं पोखरला जातो. ही भीती कितीतरी घरांतली तरुण मुलं मुकाट्यानं वागवतात. लग्नाची बोलणी सुरू झाली की हा विषय तर घरातसुद्धा निघत नाही.

कथा-कादंबऱ्या औषधाची जागा घेत नाहीत, हे स्पष्टच सांगायला हवं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मनोविकारांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. पण डॉक्टरकडे जाण्याआधी घरात कुणीतरी तोंड उघडावं लागतं, आणि तिथे दुसऱ्याची गोष्ट कामाला येते. मनोविकारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांनी ‘अस्तु’ आणि ‘कासव’ हे चित्रपट ठिकठिकाणी दाखवून प्रेक्षकांशी संवाद साधला, तो याचसाठी. ‘देवराई’तल्या शेषबद्दल बोलता बोलता माणूस आपल्या भावाबद्दल बोलू लागतो.

पुढच्या १० ऑक्टोबरला सोसायटीच्या हॉलमध्ये, गावच्या वाचनालयात ‘देवराई’ लावावा. नंतर दिवे लागले की लगेच आभार मानून मोकळं होऊ नये. तासभर खुर्च्या तशाच राहू द्याव्यात.