डाल्मेशियनचा मूतखडा

डाल्मेशियन कुत्र्याच्या मूतखड्याचं मूळ एसएलसी२ए९ या जनुकात आहे. बहुतेक कुत्र्यांच्या यकृतात यूरिक आम्लाचं सहज विरघळणारं अ‍ॅलँटॉइन होतं. डाल्मेशियनच्या लघवीत मात्र यूरिक आम्लच भरपूर उतरतं आणि त्याचे खडे होऊ शकतात. नराची मूत्रनलिका अरुंद. खडा अडकला की तो पाय वर करून ताटकळतो, पडतात दोनचार थेंब. जातीत निर्दोष जनुक उरलंच नव्हतं, मग निवड कशातून करणार? १९७३ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी पॉइंटरशी एकच संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. शुद्ध रक्ताच्या अभिमान्यांनी बरीच वर्षं नाकं मुरडली. २००८ मध्ये नेमका दोष सापडला. आता गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी होते. २०११ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने शायबल यांच्या संकरातून आलेल्या वंशाला नोंदणी दिली.