शंकराचार्य मार्गावरचं गुरुकुल

कांजूरमार्ग पश्चिमेला उतरून गांधीनगरहून पवईची वाट धरली की रस्त्याचं नाव आदि शंकराचार्य मार्ग. आयआयटी आणि तलाव ओलांडून साकीविहार रोडला वळलं की त्याच शंकराचार्यांची भाष्यं शिकवणारं गुरुकुल लागतं: चिन्मय मिशनचं सांदीपनी साधनालय. विश्व हिंदू परिषदेची स्थापना ऑगस्ट १९६४मध्ये इथेच झाली. त्या बैठकीला गोळवलकर गुरुजींबरोबर संत तुकडोजी महाराजही होते. राजकारणाच्या इतिहासात या वास्तूचा उल्लेख येतो तो एवढ्यासाठी. मला मात्र तिथला वर्ग अधिक मोलाचा वाटतो.

ज्यांच्या नावानं हे मिशन आहे ते स्वामी चिन्मयानंद मूळचे एर्नाकुलमचे बालकृष्ण मेनन, आधी पत्रकार. १९५१च्या डिसेंबरअखेर त्यांनी पुण्यात पहिला ज्ञानयज्ञ, म्हणजे प्रवचनमाला, केला. विषय उपनिषदाचा, भाषा इंग्रजी, दार सगळ्यांना उघडं. कर्मठांना ते रुचणं शक्यच नव्हतं. पण कॉलेज झालेलं, संस्कृत न येणारं गिऱ्हाईक त्यांनी अचूक हेरलं. १९६३ साली पवईत गुरुकुल निघालं ते याच धोरणावर.

अभ्यासक्रम निवासी, साधारण दोन वर्षांचा. शिकवणं, राहणं, जेवण यांची फी नाही. सुरुवात ‘तत्त्वबोधा’सारख्या प्रकरणग्रंथांनी (वेदान्ताची ओळख करून देणाऱ्या छोट्या ग्रंथांनी), मग शांकरभाष्यासह उपनिषदं आणि गीता, पुढे ब्रह्मसूत्रं. मूळ वाक्य आधी सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं, मग संधी सोडवायचा, समास फोडायचा, अन्वय लावायचा, आणि इतकं झाल्यावर अर्थ इंग्रजीतून. केरळची मुलगी, नागपूरचा अभियंता आणि परदेशात वाढलेला कुणी एकाच बाकावर बसू शकतात ते त्यामुळे. १९७०च्या दशकात स्वामी दयानंद सरस्वती इथे आचार्य होते. पुढे पेन्सिल्वेनियात स्वतःचं गुरुकुल काढणारे ते हेच. त्यांच्या काळातले एक विद्यार्थी भौतिकशास्त्र सोडून आलेले सुधाकर कैतवाडे. तेच स्वामी तेजोमयानंद, १९९३ ते २०१७ मिशनचे प्रमुख.

‘तत्त्वबोध’ अधिकारी शिष्याची चार लक्षणं सांगतो: विवेक, वैराग्य, शमादी सहा गुण आणि मुमुक्षा, म्हणजे मोक्षाची ओढ. पवईनं त्यात तीन अटी वाढवल्या: पदवी हवी, लग्न झालेलं नको, इंग्रजी यायला हवं. बाई की पुरुष, जात कोणती, हे आड आलं नाही. ही मोठीच मोकळीक. पण इंग्रजीनं जितक्यांना आत घेतलं तितक्यांना बाहेरही ठेवलं. आजरा-चंदगडकडचा बी.ए. झालेला मुलगा वैराग्यात कमी पडणार नाही, इंग्रजीत पडेल. कोल्हापूरजवळ टोप येथे मिशननं मराठीतून वेदान्ताचा अभ्यासक्रम चालवला, तो या मुलासाठी. माझ्या मते मिशनचं हे काम पवईइतकंच महत्त्वाचं, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी.

अभ्यास संपल्यावर कुणी ब्रह्मचाऱ्याची पिवळी वस्त्रं घेऊन एखाद्या केंद्रावर रुजू होतं, कुणी घरी परततं. परतणाऱ्यावर कुठलं बंधन नाही.